कपाशीनं वेढलेलं बेट : टिपेश्वरला जाण्यापूर्वी

पांढरकवडा सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरं लागतात. कपाशी, कपाशीत तुरीची तासं, मध्येच सोयाबीन. मग सुन्ना गाव येतं, वनविभागाचं फाटक येतं आणि त्याच्या पलीकडे साग, धावडा, तेंदू, मोह, बांबू यांचं रान सुरू होतं. शेवटचं वावर आणि पहिलं जंगल यांच्यात फार अंतर नाही. हे टिपेश्वर अभयारण्य. टिपाई देवीच्या नावावरून त्याला हे नाव मिळालं. केळापूर आणि घाटंजी या तालुक्यांत पसरलेल्या या जंगलाला 1997 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र 148.63 चौरस किलोमीटर. वाघ, बिबट, अस्वल, रानमांजर, चितळ, सांबर, रोही, चौसिंगा, रानडुक्कर एवढा संसार या एवढ्या जागेत नांदतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेडकडे, दुसरं मोठं अभयारण्य आहे ते पैनगंगेचं. 1996 साली घोषित झालेलं हे रान नांदेड जिल्ह्यातही पसरलेलं आहे आणि त्याला नदीनंच वळसा घातलेला आहे. टिपेश्वरला असा पाण्याचा वेढा नाही. त्याला वेढा आहे तो शेतीचा, गावांचा आणि रस्त्यांचा. तरीही ही पुस्तिका टिपेश्वरला बेट समजूनच लिहिली आहे, आणि त्याचं कारण सुरुवातीलाच सांगायला हवं.

रॉबर्ट मॅकार्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1967 साली बेटांवरच्या जीवसृष्टीचा एक सिद्धांत मांडला. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं दूर, तितक्या तिथल्या जाती कमी आणि त्या नष्ट होण्याचा धोका जास्त, हे त्याचं सार. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं, की शेतीनं आणि वस्तीनं चारी बाजूंनी तोडलेलं जंगलही पुष्कळसं असंच वागतं. मोठ्या सलग जंगलात एखादा रोग आला, वणवा लागला, एखादं परकं झुडूप माजलं, तर जनावरांना सरकायला जागा असते, आणि रिकामी झालेली जागा शेजारच्या रानातून पुन्हा भरते. दीडशे चौरस किलोमीटरच्या रानाला ही सवलत नाही. तिथं झालेली लहानशी हानीही मोठी ठरते.

समुद्रातल्या खऱ्या बेटांनी याची किंमत मोजलेली आहे. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1894 साली दीपगृह सुरू झालं. माणसांबरोबर मांजरं आली, रानात पसरली, आणि त्या बेटावरचा एक चिमुकला, उडता न येणारा पक्षी काही वर्षांतच कायमचा संपला. या अनुभवातून शहाणं होऊन त्या देशानं अनेक बेटं उंदीर, मांजर अशा उपद्रवी पाहुण्यांपासून कष्टानं मुक्त केली. ऑकलंडजवळच्या टिरिटिरी माटांगीसारख्या बेटावर आज सामान्य पर्यटकही जाऊ शकतो. पण जाण्याआधी त्याला बुटांचे तळवे घासून पुसावे लागतात, पिशव्या रिकाम्या करून त्यात उंदीर, मुंग्या किंवा बिया नाहीत ना हे पाहावं लागतं, खाण्याचे डबे घट्ट बंद ठेवावे लागतात. तिथं ही सक्ती कुणाला जाचक वाटत नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाहेरून आलेलं माणूस हातपाय धुतल्याशिवाय जात नाही, तितकीच ती त्यांना स्वाभाविक वाटते.

टिपेश्वर असं उपद्रवमुक्त नाही, आणि जिथं चारी बाजूंनी गावं आहेत तिथं तसं होणंही शक्य नाही. पण त्या बेटांच्या दारावर विचारला जाणारा प्रश्न आपल्यालाही लागू आहे: तुम्ही सोबत काय घेऊन येत आहात? आपल्याकडच्या पर्यटनात हा प्रश्न कुणी विचारत नाही. फाटकावर परवाना तपासला जातो, ओळखपत्र तपासलं जातं. टायरला चिकटलेला चिखल कुणी पाहत नाही.

त्या चिखलापासूनच सुरुवात करू. गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आपल्या देशात 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नोंदलं गेलं. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. आज ते देशभर आहे. त्याचं एकेक झाड हजारो बिया टाकतं. त्या बिया इतक्या बारीक, की बुटाच्या खाचेत, पँटच्या मोहरीत, गाडीच्या चाकात सहज बसून प्रवास करतात. गाजरगवत कोणतंही चरणारं जनावर आवडीनं खात नाही; माणसाच्या अंगाला ते लागलं तर खाज सुटते, फुलोऱ्यामुळे कित्येकांना दम्याचा त्रास होतो. घाणेरी, जिला आपल्या भागात रायमुनिया म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून भारतात आणली गेली. तिची काळी फळं पाखरं खातात आणि बी दूरवर टाकतात. तिची जाळी माजली की खाली गवताचं पातं उगवत नाही, आणि गुरांनी तिचा पाला खाल्ला तर त्यांना विषबाधा होते. त्यांच्या जोडीला रानतुळस आणि तरोटा आहेतच.

यात बिघडतं काय, हे समजून घेतलं पाहिजे. वाघ चितळावर जगतो आणि चितळ गवतावर. अभयारण्याच्या पोटातली टिपेश्वर आणि मारेगाव ही गावं बाहेर वसवली गेली, तेव्हा त्यांच्या रिकाम्या शेतजमिनींवर कुरणं उभी राहण्याची संधी मिळाली. अशा मोकळ्या जमिनीवर पवन्या, मारवेल अशी चाऱ्याची गवतं टिकवायची, तर दरवर्षी तण उपटावं लागतं, तेही फुलावर येण्याआधी. त्यासाठी मजूर, पैसा आणि चिकाटी लागते. लोकांनी आपलं गाव सोडून जी जमीन जंगलाला दिली, तिथं आपल्या चाकांनी तणाचं बी नेऊन टाकणं हा त्या लोकांच्या त्यागाचाही अपमान आहे. म्हणून या पुस्तिकेतली पहिली सूचना अगदी साधी आहे. निघण्यापूर्वी घरीच बूट ब्रशनं घासा, पिशव्या झटका, कपड्यांना चिकटलेली कुसळं काढून टाका, आणि स्वतःची गाडी फाटकापर्यंत नेणार असाल तर ती धुऊन न्या.

दुसरा पाहुणा डोळ्यांना दिसत नाही. 2018 च्या सप्टेंबरात गुजरातच्या गीर जंगलातल्या एका परिक्षेत्रात अवघ्या काही आठवड्यांत 20 हून अधिक सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या तपासणीत त्यांच्यातल्या काहींच्या नमुन्यांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांचा रोग. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत 1994 साली याच विषाणूनं तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह नेले होते, आणि त्या साथीचा संबंध भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांशी जोडला गेला. या विषाणूची लागण वाघालाही होते. टिपेश्वरच्या भोवतीच्या प्रत्येक गावात कुत्री आहेत, आणि फाटकाजवळ पर्यटक टाकून देतात त्या बिस्किटांवर, पोळ्यांवर, चिवड्याच्या पुड्यांवर त्यातली काही जगतात. आपल्या हातून पडलेला घास एका कुत्र्याला जंगलाच्या दारात थांबवतो. ते कुत्रं संध्याकाळी पाणवठ्यावर जातं, आणि रात्री त्याच पाणवठ्यावर वाघीण पिल्लांना घेऊन येते. म्हणून पाळीव कुत्रा सोबत आणू नये, उरलंसुरलं अन्न कुणालाच घालू नये, माकडांनाही नाही, आणि कचरा परत आपल्या गावी न्यावा.

तिसरा पाहुणा आग. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. पानगळीच्या रानात या काळात जमिनीवर सागाच्या वाळल्या पानांचा थर असतो. पर्यटकांची गर्दीही याच काळात वाढते, कारण पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यांवर एकवटतात आणि वाघ दिसण्याची शक्यता वाढते. विझली असं समजून टाकलेली एक बिडी पुरते. हंगामापूर्वी वनमजूर जाळरेषा काढतात, रखरखत्या उन्हात झाडांच्या फांद्यांनी आग झोडपून विझवतात. त्यांच्या कष्टाची जाण असेल तर काडेपेटी घरी ठेवूनच निघावं.

चौथा पाहुणा आपण स्वतः. 31 डिसेंबर 2024 रोजी विदर्भातल्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच पिल्लांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवून धरली. तो व्हिडिओ सर्वदूर पसरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. पण त्या गाड्यांत बसलेल्यांनी काय मागितलं असेल, याचाही विचार व्हायला हवा. चालकाला ‘अजून थोडी पुढं घ्या’ म्हणणारा, जवळ नेलं तर वरकड पैसे देऊ करणारा पर्यटकच असतो. व्याघ्र प्रकल्पांसाठी 2012 साली केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांनी जनावरापासून किमान 20 मीटरचं अंतर सांगितलं आहे. टिपेश्वर व्याघ्र प्रकल्प नाही, अभयारण्य आहे. पण वाघाला हा फरक ठाऊक नसतो, आणि आपणही तो पळवाटेसारखा वापरू नये. उन्हाळ्यात पाणवठ्याच्या वाटेवर गाडी उभी राहिली, तर तहानलेलं जनावर झाडीतच थांबून राहतं. आपल्याला ते दिसतही नाही, आणि आपण ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परततो.

इथवर बेटावर येणाऱ्यांबद्दल झालं. बेटावरून बाहेर पडणाऱ्यांची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. टिपेश्वरला जन्मलेल्या एका तरुण नर वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. पावसाळ्याच्या तोंडाशी तो निघाला. तेलंगणात शिरला, परत आला, विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण वाटचाल 3,000 किलोमीटरहून अधिक भरली. शेतांतून, नाल्यांतून, महामार्ग ओलांडून, बहुतेक रात्रीच तो चालला. 2021 साली औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्यानं टिपलेला वाघ आणि 2024 अखेर धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाटात दिसलेला वाघ, हे दोघंही अंगावरच्या पट्ट्यांच्या जुळणीवरून टिपेश्वरचे निघाले. वाघांचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगता येतं.

हे वाघ हौसेनं भटकत नाहीत. जन्मभूमीत प्रत्येक नराला स्वतःचं क्षेत्र मिळेल एवढी जागा उरलेली नाही. एकीकडे ताडोबा, दुसरीकडे तेलंगणातला कवल व्याघ्र प्रकल्प. त्यांना टिपेश्वरशी जोडणारे झाडीचे पट्टे जिथं शिल्लक आहेत तिथं ते धरून, आणि जिथं नाहीत तिथं पऱ्हाटीतून वाट काढत ते जातात. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा नाला, गायरान, झुडपी जंगल हेही आपण पाहायला आलेल्या वाघाचंच जग आहे. तिथं उभं राहणारं प्रत्येक नवं कुंपण आणि प्रत्येक भरधाव रस्ता त्याची वाट बंद करतो. पर्यटकाच्या हाती यातलं एक तरी आहे: नागपूर-हैदराबाद महामार्गावरून उतरल्यानंतर रानाजवळच्या रस्त्यांवर, विशेषतः अंधार पडल्यावर, गाडी सावकाश चालवणं.

आणि या बेटाच्या किनाऱ्यावर माणसं राहतात. 2016 ते 2018 या काळात राळेगाव, केळापूर आणि मारेगाव तालुक्यांच्या सीमेवरच्या गावांनी जी भीती सोसली, ती विसरून इथं येऊ नये. 13 माणसांच्या मृत्यूला एक वाघीण कारणीभूत असल्याचं वनविभागानं सांगितलं. टी-1 हे तिचं सरकारी नाव, अवनी हे वन्यजीवप्रेमींनी दिलेलं. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घालून मारण्यात आलं. त्या गोळीवर देशभर वाद झाला, कोर्टकज्जे झाले. वादाच्या दोन्ही बाजूंना मोठ्या शहरांतली माणसं पुष्कळ होती. वावरात जागलीला जाणारा, गुरं चारणारा, सरपण वेचणारी, यांचं दुःख मात्र बातमीत येऊन गेलं आणि मागे पडलं.

याच माणसांनी त्याच्या आदल्याच वर्षी दुसरं एक संकट झेललं होतं. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर औषध फवारताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास माणसं दगावली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं पीकही खाल्लं. पर्यटक ज्या हिरव्या वावरांचे फोटो काढतो, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. रोही आणि रानडुकरं रात्रीतून उभं पीक लोळवतात. त्यांना हाकायला शेतकरी मचाणावर रात्र काढतो. अशा माणसाकडे वाघाबद्दल प्रेम नाही म्हणून तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण त्याच्या घरी राहिलो, त्याच्या हातचं जेवलो, त्याच्या गावातला गाईड घेतला, योग्य दाम दिलं, तर त्या वाघाशी त्याचं नातं थोडं बदलू शकतं. परिसरात कोलाम समाजाचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. केंद्र सरकारच्या यादीत हा समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. पोडात न विचारता शिरणं, घरांचे आणि देवस्थानांचे फोटो काढणं, मुलांना चॉकलेटं वाटणं, हे टाळावं. बोलावलं तर जावं, आणि ऐकायला जावं.

आता सुरक्षिततेबद्दल. जंगलाची काळजी आणि स्वतःची काळजी या दोन गोष्टी इथं सहसा एकमेकींच्या आड येत नाहीत. गाडीतून खाली उतरायचं नाही, हा नियम आपल्या जिवासाठी आहे, तसाच जनावराच्या शांततेसाठीही. हळू बोलल्यानं चितळाचा इशारा ऐकू येतो, आणि अस्वलही बिथरत नाही. भडक कपडे आणि अत्तर नको, कारण दोन्हींमुळे रान सावध होतं. पायात पूर्ण बूट हवेत, कारण साप, विंचू आणि गोचीड यांच्यापासून तेच वाचवतात. मे महिन्यात या भागात पारा 44-45 अंशांवर जातो. उघड्या जिप्सीत सकाळची फेरी संपेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. भरपूर पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी, डोक्याला ओला दुपट्टा हे हवंच. लहान मुलं, वयस्कर माणसं आणि रक्तदाबाचे रुग्ण यांनी शक्यतो हिवाळ्यात यावं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मात्र जाड स्वेटर लागतो. अंधार पडल्यावर गावाबाहेर वावरांतून भटकू नये. तिथं वाघ-बिबट्याची शक्यता असते, आणि कुठे कुठे पिकाभोवती तारेत वीज सोडलेली असते. या तारांनी विदर्भात वन्यप्राण्यांचे आणि माणसांचेही बळी घेतले आहेत. पावसाळ्यात, फवारणी चालू असलेल्या शेताजवळ थांबू नये. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, म्हणून निघण्याआधी पांढरकवड्याच्या वन्यजीव कार्यालयाकडून वेळा, सुट्टीचा दिवस आणि प्रवेशद्वारांची खात्री करून घ्यावी.

या सूचनांतल्या बऱ्याचशा कायद्यातही आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. तिथं प्राण्याला डिवचणं आणि कचरा टाकणं हे दोन्ही याच कलमात निषिद्ध आहे. कलम 30 आगीबद्दल आहे, कलम 31 शस्त्राबद्दल, कलम 32 घातक रसायनांबद्दल. 2022 च्या दुरुस्तीनं परक्या आक्रमक जातींवर नियंत्रणाची तरतूदही या कायद्यात आणली. आणि 1991 पासून त्यात कलम 33-अ आहे. अभयारण्यात आणि त्याच्या 5 किलोमीटरच्या परिसरात ठेवलेल्या गुराढोरांचं साथीच्या रोगांविरुद्ध लसीकरण करण्याची जबाबदारी ते मुख्य वन्यजीव रक्षकावर टाकतं.

हे कलम फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असेल. माझ्या मते टिपेश्वरच्या भवितव्याशी त्याचा संबंध सगळ्यांत निकटचा आहे, कारण बेटाचं रक्षण किनाऱ्यावर होतं, आणि हे कलम सरकारला किनाऱ्यावर उभं करतं. गुरांबरोबर गावातल्या कुत्र्यांनाही लस मिळायला हवी, त्यांची नसबंदी व्हायला हवी, ही मागणी गीरच्या घटनेनंतर कुणालाही अवास्तव वाटू नये. गावकऱ्याचाही त्यात फायदाच आहे: त्याची गाय वाचते, त्याचं पोर रेबीजपासून वाचतं.

पुढच्या पानांत जंगलाची ओळख, झाडं-जनावरांची माहिती, ऋतूंप्रमाणे तयारी, गावांशी वागणूक आणि आणीबाणीत काय करावं, अशी प्रकरणं आहेत. ती घरी वाचून निघावं, ही विनंती. फाटकावर पोहोचल्यावर वाघ कुठल्या पाणवठ्यावर आहे हे आपण विचारणारच. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: भोवतालच्या गावांत यंदा गुरांना आणि कुत्र्यांना लस टोचली का, आणि कुरणातलं तण फुलावर येण्याआधी निघालं का? विचारणारे पुष्कळ झाले की उत्तर तयार ठेवावं लागतं, आणि उत्तर तयार ठेवायचं म्हटलं की काम करावं लागतं. पर्यटकाच्या हाती असलेलं हे मोठं बळ आहे. ते वापरणारा पाहुणा टिपेश्वरला हवा आहे.